गुडघे न टेकणारा राजपुत्र

कापूस घरात भरून ठेवला की अंगाला खाज सुटते. आधी मनगटांना, मग मानेला, मग डोळ्यांच्या कडांना. त्याला पांढरं सोनं म्हणणारी माणसं त्याच्या ढिगाशेजारी कधी झोपलेली नसतात. भाषणात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो मऊ असतो. खोलीत तो गरम असतो, धुळकट असतो, त्याला किडलेल्या बोंडांचा आंबूस वास येतो, आणि त्याच्यातून बारीक किडे निघून अंथरुणात शिरतात.

यंदा दिवाळीनंतर मी बाभुळगावहून घरी, दारव्ह्याला, येत होते. जीपच्या पुढे कापसानं भरलेली ट्रॉली चालली होती. वरची ताडपत्री सैल झाली होती, त्यामुळे पुंजके उडून रस्त्याकडेच्या बाभळींना लटकत होते. एक पुंजका खिडकीतून आत आला, माझ्या बाहीवर बसला, आणि मनगटाला खाज सुटली. बाबांना जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता, पण माणसं अजून येत होती. येणारा प्रत्येक जण तीच वाक्यं बोलत होता. वय झालं होतं. सुटले. आता तुम्हीच धीर धरा. मी कमी बोलते, त्यामुळे मी ऐकते आहे असं लोकांना वाटतं.

इतके दिवस अशी भारदस्त वाक्यं ऐकल्यावर माणसाला काहीतरी भारदस्त आठवायला हवं होतं. बाबांचा शाळेतला आवाज, त्यांनी हातात दिलेलं पहिलं पुस्तक, असलं काही. मला आठवला तो एक व्हिडिओ गेम. तोही तिसऱ्या दर्जाचा.

तो गेम घरात आला त्या वर्षी आमच्या बैठकीच्या खोलीत आत्याचा कापूस होता. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. खेड्यातल्या तिच्या घराचं छप्पर पावसात बसलं होतं आणि खरेदी केंद्रावरचा काटा आज सुरू होईल, उद्या होईल, असं चाललं होतं. तेव्हा अर्ध्या जिल्ह्याची घरं अशीच भरलेली होती. लोक दाराच्या एका फळीतून आडवे होऊन आत जात आणि छताला टेकलेल्या ढिगाखाली जेवायला बसत. आत्यानं दोन वेच्यांचा कापूस आमच्याकडे आणून ओतला आणि राखणीसाठी स्वतःही आली. आमच्या घरात चोरी कोण करणार होतं ते तिलाच ठाऊक. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, मी एम.ए.ची पुस्तकं घेऊन बसलेली. दोघांपैकी कुणालाही कापूस चोरून तो विकायचा कुठे हे माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात ताई बोरी अरबहून परत आली. भाऊजी गेले होते. ते तिथे टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवत. पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली, अंगावर काढली, आणि यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या तरुण माणसाला साध्या आजारानं मरण्याची सोय नव्हती. तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या शोधत बाहेरगावच्या नंबरांच्या गाड्या गावोगाव फिरत. एक गाडी बोरीलाही येऊन गेली. उतरलेल्या माणसानं ताईकडे पाहून आवाज आधीच खाली आणला होता.

"शेती किती होती त्यांना?" त्यानं बाबांना विचारलं.

"शेती नव्हती."

"मग ते कशानं..."

"कावीळ."

त्याच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली ती मी अजून विसरलेले नाही. त्यानं चहा अर्धा ठेवला. जाताना ताईला नमस्कारही केला नाही. ती त्याच्या उपयोगाची नव्हती.

ताईनं त्याच सुमारास बोलणं थांबवलं. एकदम नाही. आधी उत्तरं लहान झाली, मग नुसती मान हलायला लागली, मग तीही हलेना. ती सगळी कामं करायची, दळण निवडायची, भांडी घासायची, आणि काम संपलं की बैठकीत कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी घसा तपासला, काही नाही म्हणाले, वेळ जाऊ द्या म्हणाले. वेळ जात होता. तिच्या मनगटातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत चढू लागल्या होत्या. बाबा रोज सकाळी तिच्यासमोर पेपर मोठ्यानं वाचायचे आणि मध्येच थांबून एखादा प्रश्न विचारायचे, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला विचारावा तसा. मग स्वतःच उत्तर देऊन पुढे वाचायचे.

ताईबरोबर भाऊजींचा कॉम्प्युटरही आला होता. गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर मी जीपमध्ये मांडीवर धरून आणला. ठेवायला जागा एकच होती, कापसासमोरचं टेबल. मी तो चालू केला तो माझी टिपणं टाइप करायला. तो गेम त्याच्या पोटात होता.

मी तेव्हा वाङ्मयाची विद्यार्थिनी होते आणि वाईट वाक्याबद्दल माझ्या मनात कसलीही दयामाया नव्हती. हा गेम तर वाईट वाक्यांचं गोदामच होता. तो कुठल्यातरी दूरच्या देशात तयार झाला होता आणि शब्दकोशातून एकेक शब्द उचलून इंग्रजीत आणला होता. त्यातला नायक पिवळ्या केसांचा राजपुत्र. त्याची हनुवटी विटेसारखी. तो पायात काटा भरल्यासारखा धावे, आणि थांबला की त्याची तलवार त्याच्याच गुडघ्यातून आरपार जाई. त्याचं राज्य कुणीतरी बळकावलं होतं. कुणी, ते तिसऱ्या गावापर्यंत कळत नाही, आणि राजपुत्राशी एवढा सहवास झाल्यावर बळकावणाऱ्याचीच बाजू पटू लागते. गुडघाभर उंचीचं कुंपण त्याला ओलांडता येत नसे. पाऊस घराच्या आत पडे. एक बाई दोर नसलेल्या विहिरीतून जन्मभर पाणी काढत होती. आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर बसलेला म्हातारा, गाव कुठलंही असो, एकच वाक्य बोले, की परक्या माणसा, उत्तरेला जाऊ नकोस. सगळी गोष्ट उत्तरेलाच होती.

भाऊजींनी साठवून ठेवलेला खेळ मी उघडला नाही. तो त्यांचा होता. मी पहिल्यापासून सुरू केला.

बाबा दाराशी उभे राहून पाहायचे. हातात चष्मा, चेहऱ्यावर तपासणीला आल्याचा भाव.

"हा राजपुत्र आहे?"

"हो बाबा."

"याच्यापेक्षा आमच्या शाळेचा शिपाई बरा चालायचा. आणि ते म्हातारं काय म्हणून राहिलं? उत्तरेला जाऊ नको? मग दक्षिणेला काय आहे?"

"काही नाही. दक्षिणेला चित्र संपतं."

"अक्कल शून्य," बाबा म्हणाले. मग थोडा वेळ पाहून म्हणाले, "झाडं बरी काढली आहेत."

एका संध्याकाळी राजपुत्राचा घोडा एका घराच्या भिंतीवरून सरळ वर चढला आणि कौलांवर जाऊन उभा राहिला. ही त्यातली जादू नव्हती, करणाऱ्यांची चूक होती. राजपुत्राला खाली उतरता येईना. आत्या वाती वळल्यासारखा कापूस बोटांत फिरवत बसली होती. तिनं मान वर केली.

"घोडं माडीवर कोन्या गाढवानं चढवलं?"

"राजपुत्रानं," बाबा म्हणाले.

"मंग त्याचं राज्य गेलं त्याच्यात नवल काय?"

मागून एक आवाज आला. हसू नव्हतं ते. नाकातून जोरानं सोडलेला श्वास, कुणाची लायकी काढताना सोडतात तसा. मी वळून पाहिलं तर ताई पडद्याकडे बघत होती आणि तिच्या नाकपुडीपाशी एक आठी पडली होती. लहानपणी माझी चित्रं पाहून पडायची तीच.

बाबा मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला.

"पाहिलं का तू?"

"हो."

"उद्याही लाव ते."

त्यानंतर आमच्या घरात तुच्छतेचा जो महोत्सव सुरू झाला तसा मी पुन्हा पाहिला नाही. आयुष्यभर कुणाची टवाळी न केलेले बाबा त्या राजपुत्रावर तुटून पडले. दिवसा ते नवीन टोमणे जुळवत असावेत, कारण संध्याकाळी भारनियमनातून वीज आली की ते तयारीनं येऊन बसत. राजपुत्राला त्यांनी गुण दिले, हजेरीत गैरहजर मांडलं, त्याच्या पालकांना बोलावणं धाडलं. आत्याला गेममधलं ओ की ठो कळत नसे, पण निंदा करायला कळावं लागत नाही. विहिरीवरच्या बाईबद्दल ती म्हणाली, "इतका येळ पानी काहाडते, घरी सासू हाये वाटते." मी मुद्दाम राजपुत्राला दलदलीत बुडवायची, भिंतीवर आपटवायची. आणि आम्ही तिघंही मागे न बघता कान मागे लावून बसायचो. कधी तो नाकातला श्वास यायचा, कधी नाही. एकदा ताईनं जीभ टाळ्याला लावून "च्च" केलं. त्या दिवशी बाबा दोन भाकरी जास्त जेवले.

हे सगळं मान्य करून आता एक सांगायला हवं, की मला तो गेम आवडायला लागला होता. लाज वाटण्याइतका. दलदलीच्या भागात एक बासरी वाजायची. चार-सहा सुरांचीच, फिरून फिरून तीच, पण ती ऐकताना कापसाच्या वासाची खोली कुठल्या कुठे जायची. आणि गावात संध्याकाळ झाली की घरोघरची माणसं बाहेर येऊन आपापल्या दारावरचा कंदील लावायची. गोष्टीला त्याची काही गरज नव्हती. त्या कंदिलांतून काही मिळत नव्हतं, कुणी काही सांगत नव्हतं. कुंपण ओलांडणारा राजपुत्र ज्याला जमला नाही, अशा कुठल्यातरी बिनडोक माणसानं, दूरच्या देशात, रात्र रात्र बसून हे एकेक दार, एकेक माणूस, एकेक कंदील केला असणार. का, तर संध्याकाळ झाली की दिवा लावावा असं त्याला वाटलं म्हणून. मी राजपुत्राला एका कोपऱ्यात उभा करून ते बघत राहायची. बऱ्याचदा शेवटचा कंदील लागायच्या आत आमची वीज जायची.

मग ते दार आलं.

उत्तरेच्या डोंगरात एक दगडी देऊळ होतं. देवळाच्या दारासमोर दगडाचा देव, बेढब, तीन डोळ्यांचा. खाली अक्षरं उमटली, त्या मोडक्या इंग्रजीत: जुन्या देवापुढे गुडघे टेक, मग वाट खुली होईल. गुडघे टेकायची वेगळी कळ होती. मी बोट त्या कळीकडे नेलं.

"थांब," बाबा म्हणाले. "काय लिहिलं आहे?"

मी सांगितलं.

"मग नाही."

"बाबा, खेळ आहे हा."

"खेळ खेळ ना. मी कुठे नाही म्हणतो? पण या घरात दगडापुढे गुडघे टेकायचे नाहीत. कुणीच. दुसरी वाट शोध."

बाबा सहा-सात वर्षांचे असताना आजोबा त्यांना हाताला धरून नागपूरला दीक्षेला घेऊन गेले होते. परत आल्यावर आजोबांनी घरातले देव पाटीत भरले आणि नदीत सोडले. बाबा ती गोष्ट फार क्वचित सांगायचे, आणि सांगताना त्यांचा पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा. दीक्षेच्या प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या असं म्हणणं बरोबर नाही. त्या ते पाळत, साखर न घालता चहा पिणारा माणूस पाळतो तशा, न बोलता.

म्हणून आम्ही दुसरी वाट शोधली. जगाच्या पाठीवर तो गेम ज्यांनी कुणी खेळला असेल त्यांनी ती कळ दाबली असेल आणि क्षणात आत गेले असतील. आम्ही देवळाची भिंत हातभर-हातभर ढकलून पाहिली. देवावर तलवार चालवली. त्याच्यापुढे पिशवीतली भाकर ठेवली, मासा ठेवला, कांदा ठेवला. बाबांच्या सूचनेवरून त्याच्याशी चर्चा करायचाही प्रयत्न केला. देव ऐकेना. त्या गेममध्ये घोडा कौलावर चढू शकत होता, पाऊस घरात पडू शकत होता, पण ते एक दार मात्र अगदी चोख बनवलेलं होतं.

ते शेवटपर्यंत उघडलं नाही. आत काय होतं ते मला आजही माहीत नाही. करणाऱ्यांची एकूण अक्कल पाहता फार काही नसावं.

पण दार अडलं आणि त्याबरोबर सगळंच अडलं. रोज तोच डोंगर, तेच देऊळ, तोच तीन डोळ्यांचा धोंडा. बाबांचे टोमणे शिळे झाले. मागून श्वास यायचा थांबला. ताई आता पडद्याकडे पाठ करून कापसाकडे तोंड करून बसू लागली. तिचं जेवण आणखी कमी झालं.

"बाबा, एकदाच टेकवते गुडघे," मी एका दुपारी म्हटलं. "पुढे नवीन काही असेल. ताई बघेल."

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग नाही म्हणाले.

आत्यानं त्याच दिवशी विषय काढला. तिनं तो बरेच दिवस तोंडात धरून ठेवला होता.

"दादा, पोरगी वाळून चालली. तुह्या पुस्तकात इलाज नाही लिहेल त्याचा."

"डॉक्टरांनी सांगितलं आहे..."

"डाक्टर गेला चुलीत. नदीपल्याड एक बुवा हाये. अमावशेले बसते. मुकी गाय बी बोलवली म्हनते त्यानं."

"काय बोलली गाय?"

"थट्टा नोको करू. घरच्या कर्त्यानं आंधी डोकं टेका लागते, मंग ज्याले तरास हाये त्यानं. येवढंच. काही पैसे नाही मांगत तो."

मला वाटलं बाबा आता पेटतील. याहून लहान गोष्टीवरून त्यांनी नातेवाइकांशी वर्ष वर्ष अबोला धरला होता. ते ढिगाकडे वळले. कापसाला चिकटलेली एक काडी काढून ती दोन बोटांत मोडत राहिले. मी पाहत होते, आणि मला ते पाहायचं नव्हतं.

बुवांबद्दल, त्यांच्या अंगात येण्याबद्दल, मुक्या गाईंबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या राजपुत्राच्या गेममध्ये निदान खोटं हे खोटं म्हणून लिहिलेलं होतं. पण आत्याचा मला राग येत नाही. आजोबांनी देव नदीत सोडले तेव्हा ती पाळण्यात होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि भाचीसाठी ती त्या कापसाच्या रात्रंदिवसाच्या राखणीवरून उठायला तयार झाली होती, यावरून तिला काय वाटत होतं ते कळावं.

अमावस्येच्या सकाळी मी उठले तर बाबा तयार होऊन बसले होते. अंगात पांढरा सदरा, इस्त्री केलेला, तोच जो ते वर्षातून दोनदाच घालायचे, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा दसऱ्याला. पायात पॉलिश केलेले बूट. भिंतीवरच्या दोन तसबिरींकडे पाठ करून ते खुर्चीत बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"बाबा," मी म्हटलं.

"चहा झाला का?" ते म्हणाले.

आत्यानं जीप सांगून ठेवली होती. ती बाहेर येऊन उभी राहिली. आत आधीच चार-पाच जण कोंबलेले. ताई आतून आली. तिला नवीन लुगडं नेसवलं होतं आणि का नेसवलं ते सांगितलं नव्हतं. ती बाबांच्या सदऱ्याकडे बघत राहिली.

"चाल बाई," आत्या म्हणाली. "नदीपल्याड जाऊन येऊ. काही कराचं नाही. तुहा बाप आंधी डोकं टेकन त्या बुवाच्या ठान्यावर, मंग तू टेकव. झालं."

बाबा उठले. त्यांनी सदऱ्याची खालची घडी हातानं सरळ केली. "चल शीला," ते म्हणाले. त्यांचा आवाज मुख्याध्यापकाचा नव्हता.

ताई हलली नाही. तिनं बाबांकडे पाहिलं, वरपासून खाली, बुटांपर्यंत. नाकपुडीपाशी आठी पडली. घसा खाकरला गेला, एकदा, दोनदा, बरेच दिवस बंद असलेला नळ करतो तसा.

"चित्रातल्या पोट्ट्याले वाकू देल्लं नाही तुम्ही," ती म्हणाली. आवाज खरखरीत होता आणि त्यात भरपूर तिरस्कार होता. "अन् मायासाठी सोता वाकाले चालले?"

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. आत्याचा हात तोंडावर गेला होता. बाबा तसेच उभे होते, एक हात सदऱ्यावर.

"काय म्हणाली तू?" ते म्हणाले. "पुन्हा म्हण."

"ऐकू आलं तुमाले."

बाबा खुर्चीत बसले. वाकून बुटाची नाडी सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती आणि त्यांची बोटं तिच्यावरून नुसती घसरत होती.

"अन् तो सदरा काढा आंधी," ताई म्हणाली. "घामानं पिवळा पडते तो. आत्या, तू कायले उभी? जीपवाल्याले सांग ना जाय म्हणून, मानसं खोळंबले त्याचे. अन् हे लुगडं कोनं काहाडलं मायं? याले इस्त्री कराची होती."

आत्या जीपवाल्याला सांगायला गेली नाही. मी चहा ठेवायला गेले नाही. बाबा नाडी हातात धरून वाकलेले तसेच राहिले. आम्ही तिघंही जिथे होतो तिथेच होतो, आणि ती आणखी काय काय बोलते ते ऐकत होतो.